चांगला टायर पुढें कीं मागें?

प्रत्येक जुन्या कुटुंबांत काटकसरीचे कांहीं अलिखित कायदे असतात, आणि ते प्रथम कोणीं केले हें घरांतील कोणासच सांगतां येत नाहीं. आमच्या घरीं सायकलीच्या टायरांविषयीं असा एक कायदा होता: नवा टायर मागच्या चाकास, जुना पुढच्या चाकास. पुण्यास सायकलींचें शहर म्हणत त्या काळांत आमच्या वाड्याच्या चौकांत आठ सायकली भिंतीस टेकून उभ्या असत, आणि त्या सर्वांना हा कायदा लागू असे. त्याच्या मुळाशीं विचार होता हें कबूल केलें पाहिजे. बसणाराचें वजन मागच्या चाकावर अधिक पडतें, पायांचें सारें बळही त्याच चाकानें जमिनीवर उतरतें; म्हणून मागचा टायर आधीं झिजतो. तो झिजला कीं नवा आणून मागें घालावा, आणि पुढचा अर्धवट झिजलेला टायर आणखी दोन वर्षें तसाच चालवावा, असा तो हिशेब. या हिशेबानें आमच्या तीन पिढ्यांचे बरेच रुपये वांचले असतील. गेल्या फाल्गुनांत मात्र याच हिशेबानें आमच्या पुतणीच्या खांद्याजवळचें हाड मोडलें, आणि हा हिशेब तिला शिकविणारे आम्हीच होतों.

मनू अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. दोन वर्षांपूर्वीं शिष्यवृत्तीच्या पैशांत आजीची भर घालून तिनें डोंगरांतून चालविण्याची सायकल घेतली. रुंद हँडल, जाड टायर, पुढच्या चिमट्यांत धक्के शोषून घेणारी स्प्रिंग, असा तिचा थाट आहे. मुलें तिला 'एमटीबी' म्हणतात. मार्गशीर्षांत तिचा मागचा टायर गुळगुळीत झाला. नवा टायर एकच घेण्याची ऐपत होती. तो घरीं आणल्यावर कोठें घालूं, असें तिनें विचारलें, आणि आम्हीं वर्तमानपत्रांतून डोकें वर न करतांच 'मागें' असें सांगितलें. हवा चांगली कडक भर, हा उपदेशही वर दिला. आमच्या लहानपणीं टायरांत अंगठा रुतेनासा झाला म्हणजेच हवा पुरी झाली असें मानीत. तिनें चाळीस पौंड हवा भरली.

फाल्गुनांतल्या एका रविवारीं सकाळीं शहराच्या पश्चिमेकडील टेकडीवरून उतरतांना एका डाव्या वळणावर तिचें पुढचें चाक निसटलें. ती उजव्या खांद्यावर पडली. डॉक्टरांनीं कॉलरबोन मोडल्याचें सांगून हात सहा आठवडे झोळींत ठेवावयास लाविला.

त्या रात्रीं घरांत जी सभा भरली तिचें इतिवृत्त थोडक्यांत देतों. सायकल विकून टाकावी असा ठराव आमच्या भावजयबाईंनीं मांडला. धाकट्या बंधूंनीं त्यास अनुमोदन दिलें. आमच्या मातोश्रींचें वय ब्यायशी आहे. शाळेंत शिकवीत असतां तीस वर्षें त्या सायकलीवरूनच गेल्या-आल्या. इतका वेळ त्या गप्प होत्या. त्यांनीं मनूस विचारलें,

"आधीं कोणतें चाक घसरलें ग? पुढचें कीं मागचें?"

"पुढचें, आजी. मागचें जागचें हललेंच नाहीं. काय झालं तें कळायच्या आंत मी खालीं होतें."

"मग चांगला टायर मागें कशाला घातलास?"

मनूनें आमच्याकडे पाहिलें नाहीं. तिचें तें न पाहणें आम्हांस फार लागलें. आम्हीं आपणहून अपराध कबूल केला, आणि हात झोळींतून निघेपर्यंत ठराव तहकूब ठेवण्याची विनंति केली. ती मान्य झाली. मिळालेल्या सहा आठवड्यांत मनूच्या मित्रमंडळींस व डोंगरी सायकली दुरुस्त करणाऱ्या दोघां कारागिरांस विचारून आणि पुष्कळ वाचून जें पदरीं पडलें तें खालीं दिलें आहे. ज्यांच्या घरीं मुलें रविवारीं पहांटे सायकली घेऊन टेकड्यांवर जातात, आणि अशीं घरें आतां थोडीं राहिलीं नाहींत, त्यांनीं तें अवश्य वाचावें.

सायकलीच्या दोन चाकांचीं कामें सारखीं नाहींत. मागचें चाक ढकलण्याचें काम करतें. पुढचें चाक वाट दाखवितें, आणि तोल सांभाळण्याचें कामही मुख्यतः त्याच्याचकडे असतें. तोल किंचित् जाऊं लागला म्हणजे चालविणारा नकळत हँडल त्याच बाजूस थोडें वळवितो आणि चाकें पुन्हां आपल्या भाराखालीं आणतो. तो हें क्षणोक्षणीं करीत असतो, पण त्यास त्याची जाणीव नसते. मागचें चाक घसरलें तर सायकलीचा मागचा भाग बाजूस जातो, अंगावर कांटा येतो, पण पुढच्या चाकाची जमिनीवरील पकड शाबूत असल्यामुळें सांवरावयास अवसर मिळतो. सरावलेलीं मुलें तर मागचें चाक मुद्दाम घसरवितात. पुढचें चाक घसरलें कीं ज्याच्या योगें सांवरावयाचें तें साधनच हातचें जातें. मनू म्हणाली तें अक्षरशः खरें होतें. कळावयास वेळच मिळत नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे. टायरची पकड ही गृहस्थाच्या ठरीव मासिक प्राप्तीसारखी असते. ती ब्रेकवर खर्च करावी, वळणावर खर्च करावी, किंवा दोहोंत वांटावी. पण एकूण रक्कम वाढत नाहीं. वळणाच्या ऐन मध्यावर घाबरून पुढचा ब्रेक दाबला म्हणजे वळणाच्या खात्यांत शिल्लक राहत नाहीं आणि चाक सरळ बाहेर निघून जातें. म्हणून जाणते लोक वेग वळणापूर्वींच कमी करतात. उतारावर चालविणाराचा भार पुढें सरकतो, ब्रेकानें आणखी सरकतो, आणि पुढच्या टायरवर कामाचा बोजा सर्वांत जड असतो तो नेमका अशा वेळीं. तेथें आम्हीं झिजून निम्मा झालेला टायर ठेवविला होता.

आतां जमिनीविषयीं. पुण्याभोंवतालच्या टेकड्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या आहेत. हा खडक ऊनपावसानें कुजून त्याचा मुरूम होतो. पावसाळ्यांत मुरूम ओल धरून घट्ट बसतो. दिवाळीनंतर तो वाळूं लागतो, आणि माघ-फाल्गुनापर्यंत पावलांनीं व चाकांनीं सुटा होऊन वाटेवर खडे पसरतात, कोठें हरभऱ्याएवढे, कोठें सुपारीएवढे. खालीं दगडासारखी कठीण जमीन आणि वर हे सुटे खडे. स्वयंपाकघरांतल्या फरशीवर हरभरे सांडले असतां त्यांवर पाय पडला म्हणजे काय होतें हें ज्यानें अनुभविलें आहे त्यास अधिक सांगणें नको. अशा जमिनीवर टायरनें खड्यांमधून खालच्या घट्ट थरापर्यंत पोंचलें पाहिजे. वळणांच्या बाहेरच्या बाजूस व वहिवाटीच्या उतारांवर चार बोटें धूळ सांचते, ती सुट्या जमिनीची दुसरी जात. तींत टायर रुतून बसला तरच वळतो. भाद्रपदांतला चिखल ही तिसरी जात. तिच्याविषयीं एवढेंच सांगतों कीं काळ्या चिकण मातींत कोणताही टायर दहा हातांत लडबडून जाड होतो, आणि तेव्हां सायकल खांद्यावर घ्यावी किंवा घरीं राहावें.

या सायकलींचा जन्म सुट्या, धुळीच्या उतारावरच झाला आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यांत टॅमल्पाइस नांवाचा डोंगर आहे. तेथले कांहीं तरुण १९७० नंतरच्या दशकांत जुन्या, जड, फुगीर टायरांच्या सायकली भंगारांतून जमवून डोंगरावरून खालीं सोडीत. श्विन कंपनीनें १९३३ मध्यें अमेरिकेंत रूढ केलेल्या त्या फुगीर टायरांवांचून हें साहस शक्यच नव्हतें. सडकेच्या शर्यतीचा अरुंद टायर तेथें शंभर पावलेंही टिकला नसता. फेअरफॅक्स गांवाजवळील एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं पहिली शर्यत लावली. उतार दोन मैलांहून किंचित् अधिक आणि उंचींतील फरक सुमारें १३०० फुटांचा. मागच्या चाकाच्या तुंब्यांतील ब्रेक इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई आणि खालीं पोंचल्यावर तें पुन्हां भरावें लागे. त्यावरून त्या उताराचें नांवच 'रीपॅक' पडलें. त्याच मंडळींतील जो ब्रीझ यांनीं १९७७ मध्यें केवळ डोंगरासाठीं म्हणून नवी सायकल बांधली. गिअर, ब्रेक, धक्के शोषणारे चिमटे हे सारे पुढचे सोपस्कार. आधीं टायर, मग सायकल, असा हा क्रम आहे. दुकानांत मात्र गिअर किती याचीच चौकशी आधीं होते.

पुढचा टायर निवडतांना प्रथम त्याचे रबराचे ठोकळे पाहावे. सुट्या जमिनीसाठीं ते उंच हवे आणि त्यांत अंतर हवें, म्हणजे खडे व धूळ मधल्या मोकळ्या जागेंत शिरतात आणि ठोकळा खालच्या थरास टेकतो. दाट, बुटक्या ठोकळ्यांचा टायर सडकेवर हलका चालतो, पण मुरुमावर तो खड्यांच्या माथ्यावरून तरंगत जातो. नव्या सायकलीबरोबर, विशेषतः मध्यम किंमतीच्या सायकलीबरोबर, बहुधा असाच टायर येतो, कारण दुकानाबाहेर चक्कर मारतांना तो गिऱ्हाइकास चपळ वाटतो.

त्याहून महत्त्वाचे कडेचे ठोकळे. सरळ जातांना मधले ठोकळे जमिनीस लागतात; सायकल वळणांत कलली म्हणजे सारा भार कडेच्या रांगेवर येतो. ही रांग भक्कम, चौकोनी आणि मुळाशीं रुंद असावी. कडेचा ठोकळा अंगठ्यानें आडवा दाबून पाहावा. तो सहज मुडपत असेल तर वळणावरही मुडपणार. मनूच्या जुन्या पुढच्या टायरचे मधले ठोकळे बऱ्यापैकीं शिल्लक होते, आणि आम्हांस तो बरा वाटला तो त्यामुळेंच. कडेच्या ठोकळ्यांच्या धारा मात्र गोल झाल्या होत्या व दोहोंच्या बुडाशीं चिरा होत्या. टायर पाहतांना आमची नजर नेहमीं मध्यावर जाते; ती कडेस जावयास हवी.

मधली रांग आणि कडेची रांग यांमध्यें किती मोकळी जागा आहे हा प्रश्न नवशिक्यांच्या दृष्टीनें फार मोठा आहे, आणि त्याचा उलगडा आम्हांस एका तरुण कारागिरानें टायर हातीं घेऊन केला. मॅक्सिस कंपनीचा 'मिनियन डीएचएफ' हा पुढच्या चाकासाठीं कित्येक वर्षें नांवाजलेला टायर आहे. त्यांत या दोन रांगांमध्यें जवळजवळ रिकामी वाट सोडलेली दिसते. सायकल पुरेशी कलविली म्हणजे कडेची रांग जमिनींत चावते आणि पकड अशी बसते कीं विचारूं नये. पण जो भीत भीत अर्धीच कलवितो तो नेमका त्या रिकाम्या वाटेवर येऊन पडतो: मधले ठोकळे सुटले, कडेचे लागले नाहींत. त्याच कंपनीच्या 'असेगाय' या टायरांत ही जागा मधल्या ठोकळ्यांनीं भरून काढलेली आहे. तो चालावयास जड, परंतु सरळापासून पूर्ण कलेपर्यंत पकड एकसारखी राहते. दक्षिण आफ्रिकेचे ग्रेग मिनार उतारशर्यतीचें जगज्जेतेपद चार वेळां मिळविणारे; त्यांच्या सल्ल्यानें हा टायर घडविला गेला. श्वाल्बेचा 'मॅजिक मेरी' उंच व विरळ ठोकळ्यांचा असून खोल धुळींत विशेष चांगला. नुकत्याच पडलेल्या आणि मनांत धसका असलेल्या मुलीस यांपैकीं कोणता द्यावा याविषयीं आमच्या मनांत संशय राहिला नाहीं. सर्वांत वेगवान् टायर तिला नको होता. तिच्या भीतीस संभाळून घेणारा हवा होता.

रबराचा मऊपणा अंकांनीं मोजतात. साठाच्या आसपासचें रबर टणक, पन्नासाच्या आसपासचें मध्यम, बेचाळिसाच्या आसपासचें फार मऊ. मऊ रबर खडकास चिकटून धरतें पण लवकर झिजतें. 'टिकाऊ' हा शब्द ऐकतांच आम्हां मंडळींचा हात खिशाकडे जातो. पुढच्या टायराच्या बाबतींत तो आवरावा. पुढचें चाक तसेंही सावकाश झिजतें, म्हणून मऊपणाची किंमत तेथें कमी द्यावी लागते. जड ठोकळ्यांचेंही तसेंच: भार कमी असल्यामुळें असा टायर पुढें घातला असतां पायांस जो जादा श्रम पडतो तो मागें घातल्यापेक्षां बराच कमी. म्हणून पुढें पकडीचा आणि मागें त्याहून जरा वेगाचा अशी जोडी लावतात. टायर वजनानें हलका आहे ही स्तुति पुढच्या चाकापुरती तरी आम्हांस ऐकावयाची नाहीं.

रुंदी २.४ ते २.५ इंच असावी. परंतु ती रिमला शोभली पाहिजे. रिमची आंतली रुंदी तीस मिलिमीटरच्या जवळपास असेल तर असा टायर तिच्यावर चौरस बसतो. वीस मिलिमीटरच्या अरुंद रिमवर तोच टायर मडक्यासारखा वर फुगतो आणि वळणांत डुलतो; तेथें २.२ वरच समाधान मानावें. चिमट्याच्या दोन पायांमध्यें जागा पुरते कीं नाहीं हेंही मोजून घ्यावें. मापाच्या आंकड्यांनीं फार फसगत होते. आमच्या माळ्यावर पडलेल्या काळ्या सायकलीचीं चाकें २८ इंची आणि मनूचीं २९ इंची. पण टायर जेथें बसतो तो रिमचा व्यास पाहिला तर २८ चा ६३५ मिलिमीटर आणि २९ चा ६२२ मिलिमीटर! अठ्ठावीस हे एकोणतिसापेक्षां मोठे निघाले. म्हणून टायराच्या अंगावर लहान अक्षरांत '६१-६२२' असा जो जोड आंकडा असतो तोच वाचावा. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. डोंगरी सायकलींत साडेसत्तावीस इंचीचा व्यास ५८४ व सव्वीस इंचीचा ५५९ असतो.

एवढें सारें करून हवा चुकली तर पैसे पाण्यांत. चाळीस पौंड हवेचा टायर दगडासारखा होतो. तो खड्यास सामावून घेत नाहीं, त्यावरून उडतो. हवा कमी केली म्हणजे टायर जमिनीच्या उंचसखलपणावर पसरतो आणि एकाऐवजीं दहा ठोकळे कामास लागतात. ट्यूब असेल तर फार खालीं जातां येत नाहीं, कारण दगडावर आपटतांच ती रिमच्या दोन कडांखालीं चेंगरते व एकदम दोन भोकें पडतात. म्हणून रिम व टायर तसे असल्यास ट्यूब काढून टाकतात आणि आंत रबराच्या चिकाचें द्रव घालतात. बारीक छिद्र पडलें तर तें आपोआप बुजतें. मनूचें वजन पंचावन्न किलो. तिच्या पुढच्या चाकांत आतां वीस पौंड हवा असते, मागच्यांत तेवीस. जड माणसानें यांत चार-सहा पौंडांची भर घालावी. नेमका आंकडा ज्याचा त्यानें शोधावयाचा: एकच वळण, तोच वेग, आणि प्रत्येक खेपेस दोन पौंड कमी. टायर रिमवर डुलूं लागला किंवा रिम दगडास लागल्याचा आवाज आला कीं दोन पौंड परत भरावे. यासाठीं हवा मोजण्याचें यंत्र हवें. अंगठ्यावर भरंवसा ठेवून आमचें काय झालें तें वर आलेंच आहे. टायराच्या अंगावर फिरण्याची दिशा दाखविणारा बाण असतो, तो उलटा बसवूं नये.

नवा टायर आम्हीं आणला आणि त्याचे पैसे आम्हींच दिले. ते कित्येक हजारांत गेले. त्याविषयीं घरांत कोणीं कांहीं बोललें नाहीं, आणि आम्हीही बोललों नाहीं. मार्गशीर्षांतला टायर मागें ठीक चालला होता, तो तेथेंच ठेविला. पुढचा जुना टायर, मागें राखीव ठेवूं म्हणून आम्ही माळ्यावर टाकीत होतों. मातोश्रींनीं तो कापून त्याचे तुकडे कुंड्यांखालीं घालावयास सांगितलें. घरचा कायदाही त्यांनींच दुरुस्त केला: यापुढें मागचा टायर झिजला तर पुढचा काढून मागें घालावा आणि नवा पुढें. खर्च तेवढाच, टायरही तेवढेच. केवळ जागांची अदलाबदल. हें आम्हांस पन्नास वर्षांत सुचलें नव्हतें.

वैशाखांत डॉक्टरांनीं परवानगी दिली. मनू पहिल्या दोन रविवारीं सपाटीवरच फिरली. तिसऱ्या रविवारीं ती टेकडीवर गेली, आणि आम्ही त्या वळणाच्या खालीं एका बाभळीपाशीं उभे राहिलों. वर धूळ दिसली, मग ती दिसली. वळणापूर्वीं तिनें वेग कमी केला, पुष्कळच कमी केला. चाक खड्यांत थोडें सरकलें, आम्हीं डोळे मिटले, आणि उघडले तेव्हां ती आमच्या पुढून निघून गेली होती. ती पुन्हां वर चढली व पुन्हां उतरली. त्या दिवशीं ती सात वेळां उतरली, आणि सातव्या खेपेस आम्हीं डोळे उघडे ठेवले.

विक्रीचा ठराव भावजयबाईंनीं अजून मागें घेतलेला नाहीं. तो तहकूब आहे. घरीं आल्यावर मातोश्री काठी टेकीत चौकांत आल्या. त्यांनीं पुढच्या टायरावर अंगठा दाबून पाहिला आणि आमच्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "हवा कमी आहे."

"मुद्दामच, आजी," मनू म्हणाली, आणि हवा मोजण्याचें यंत्र आणावयास आंत गेली.